दुखलं नाही म्हणून

घोटीत भाताची आवणी सुरू झाली, की आठवडाभरात दवाखान्यांच्या बाकांवर चिखल्यांचे पाय दिसू लागतात. बोटांच्या बेचक्यांतली कातडी पांढरी पडते, फुगते, सोलवटते आणि चिरते. इगतपुरी तालुक्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. चिखलणीपासून आवणी उरकेपर्यंत पाय कोरडा होतो तो रात्री झोपण्यापुरता. चिखल्या झोंबतात, फार झोंबतात. म्हणून तर बाई संध्याकाळी पाय धुते, फडक्याने टिपते, कोणी हळद-तेल भरते, कोणी मेंदी लावते, एखाद्या दिवशी कामाला खाडाही करते. हे झोंबणं म्हणजेच निम्मा इलाज. पण बाकावर एखादी आजी अशी असते, की सगळ्यांत खोल चिरा तिच्याच, बेचक्यातून पू येतोय, पाऊल घोट्यापर्यंत लाल; आणि विचारलं तर म्हणते, "काही नाही हो डॉक्टर, पोरानं उगाच आणलं. मला तर दुखतबी नाही."

डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते ती या शेवटच्या वाक्याने. आजीची साखर तपासायच्या आधीच त्यांना उत्तर जवळजवळ कळलेलं असतं.

मधुमेही माणसांना वारंवार होणारे जंतुसंसर्ग आणि त्यांची कारणं हा या व्याख्यानाचा विषय. तो मांडायला घोटी ही जागा अगदी योग्य आहे, कारण या गावात शेत आहे, भाताच्या गिरण्या आहेत, मुंबई-आग्रा महामार्ग आहे आणि त्यातून सिन्नरकडे फुटणारा शिर्डीचा रस्ताही आहे. शेत, गिरणी आणि रस्ता, प्रत्येक ठिकाणी संसर्गाची वाट वेगळी आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब पाहणीचा 2023 साली प्रसिद्ध झालेला अंदाज सांगतो, की देशात सुमारे 10 कोटी 10 लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी 13 कोटी 60 लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. 'गादीवर बसणाऱ्यांचा आजार' ही समजूत तरीही जात नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1990च्या दशकापासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि त्यांची बाळं यांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्याने ही समजूत केव्हाच मोडीत काढली आहे. ही बाळं युरोपातल्या बाळांपेक्षा वजनाने कमी, पण त्या मानाने अंगात चरबी जास्त. दिसायला किडकिडीत, आतून मधुमेहाला सोपी. वावरात राबणाऱ्या काटक माणसाला शुगर निघते, तेव्हा घरच्यांना नवल वाटतं. वैद्यकशास्त्राला आता वाटत नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट केलेली बरी. मधुमेह्याला छळणारे जंतू बहुतेक वेळा कुठून खास चालून आलेले नसतात. केस्तुडातला स्टॅफिलोकोकस शेजाऱ्याच्या नाकातही असतो, लघवीतला ई-कोलाय प्रत्येकाच्या आतड्यात राहतो, बुरशीचे बीजाणू हवेत असतातच. फरक पडतो तो शरीराच्या बाजूने. जखमेकडे धावत जाणं, जंतूला गिळणं आणि गिळून मारणं ही पांढऱ्या पेशींची कामं. साखर बरेच दिवस दोनशेच्या पुढे राहिली, की तिन्ही मंदावतात. पायाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अरुंद होत जातात, म्हणजे पेशीही उशिरा पोचतात आणि गिळलेल्या गोळीतलं औषधही. बिडी-तंबाखू असेल तर आणखी उशिरा. यातली दिलासा देणारी बाजू एवढीच, की साखर ताब्यात आली की पांढऱ्या पेशींची चलाखी बऱ्याच अंशी परतते.

चेतातंतूंचं तसं नाही. एकदा गेलेली संवेदना सहसा परत येत नाही, आणि पायाचे सगळे अनर्थ इथून सुरू होतात. शरीरातले सर्वांत लांब चेतातंतू पावलापर्यंत जातात, म्हणून मधुमेहाचा मार आधी तिथे बसतो. सुरुवातीला मुंग्या येतात, रात्री तळवे जळजळतात. मग एक दिवस जळजळ थांबते आणि माणूस खूश होतो. खरं तर तो दिवस काळजीचा. चपलेचा अंगठा पायातून निसटला तरी कळत नाही. तळातून वर आलेला खिळा दिवसभर टोचत राहतो आणि संध्याकाळी मोज्याला रक्त दिसतं तेव्हा पत्ता लागतो. राखणदार माळ्यावर घोरत पडला असेल, तर पीक खाणाऱ्या रानडुकरांवर चिडून काय उपयोग?

याच चेतातंतूंच्या बिघाडाने पायाचा घाम थांबतो, कातडी कोरडी पडते, टाचेला भेगा जातात. पावलातले बारीक स्नायू दुबळे होऊन बोटं आखडतात, चवड्याच्या एकाच जागी सगळा भार येतो, तिथे घट्टा धरतो. घरात ब्लेडने कुरूप कापायची चाल आहेच. वरून कडक दिसणाऱ्या त्या घट्ट्याखाली कधी कधी आधीच व्रण झालेला असतो, आणि ब्लेडचा एक काप त्याला वाट करून देतो. पावसाळ्यात घोटीची हवा इतकी गारठते, की चुलीपुढे पाय शेकल्याशिवाय म्हाताऱ्या माणसांना झोप येत नाही. बधिर पायाला निखाऱ्याची ऊब आणि निखाऱ्याचा चटका यांतला भेद कळत नाही. सकाळी तळव्याला टपोरा फोड.

गिरण्यांच्या गावात उंदरांची गोष्ट टाळता येत नाही. भात, कोंडा, कणी जिथे आहे तिथे उंदीर आलेच, आणि जमिनीवर अंथरूण टाकून झोपायची रीत. निरोगी माणसाला उंदीर चावला तर तो ओरडत उठतो. ज्याच्या पायाला संवेदना नाही तो झोपून राहतो, आणि उंदीर सावकाश बोटाचं टोक कुरतडतो. हे ऐकून अंगावर काटा येतो, पण यात अतिशयोक्ती काही नाही. टांझानियातल्या दार-ए-सलामच्या डॉक्टरांनी 2005 साली मधुमेह्यांच्या पायाला झालेल्या अशा चाव्यांवर शोधनिबंध लिहिला, आणि भारतात मधुमेही पायांवर उपचार करणाऱ्यांनाही हे चावे ओळखीचे आहेत. वरकरणी 'आपोआप झालेली' वाटणारी बोटाची जखम पाहिली, की रात्री कुठे झोपता हा प्रश्न विचारायला हवा.

मग रस्ता. मुंबईहून शिर्डीला निघणाऱ्या पालख्या कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी आणि मग सिन्नरमार्गे जातात. रामनवमीच्या सुमारास, म्हणजे मार्च-एप्रिलच्या उन्हात, हा रस्ता भगव्या झेंड्यांनी भरून जातो. काही जण अनवाणी असतात. दुपारचं डांबर ज्याला भाजतं, तो सावली शोधतो किंवा नाइलाजाने चपला घालतो. ज्याला भाजत नाही तो चालत राहतो आणि 'साईंची कृपा, काही जाणवलंच नाही' असं म्हणतो. श्रद्धेबद्दल इथे काहीही म्हणायचं नाही. पण त्या न जाणवण्यामागे दहा-पंधरा वर्षांचा मधुमेह असू शकतो, हे त्याच्या बरोबर चालणाऱ्यांना ठाऊक असायला हवं. भर म्हणजे वाटेतल्या सेवेकऱ्यांच्या हातचं सरबत, शिरा, बुंदी नाकारणं पदयात्रेत जिवावर येतं. साखर चढलेली आणि पाय फुटलेला, अशी दुहेरी गाठ तिथे पडते.

अशा पायात शिरणारे जंतूही आपल्याकडे थोडे वेगळे. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकात मधुमेही पायाच्या जखमेत प्रामुख्याने स्टॅफिलोकोकस आणि स्ट्रेप्टोकोकस सापडतात असं लिहिलेलं असतं. भारतातल्या रुग्णालयांतून आलेले अहवाल पाहिले तर स्यूडोमोनास, ई-कोलाय, प्रोटियस या जातकुळीचे जंतू वरचढ दिसतात, आणि अनेकदा दोन-तीन एकत्र. म्हणून मेडिकलमधून 'पू सुकवायची गोळी' आणून खाणं म्हणजे अंधारात काठी फिरवणं. जखमेच्या खोल भागातला नमुना तपासायला पाठवावा, मेलेलं मांस वेळीच काढावं, पायावरचा भार हलका करावा, ही कामं आधी. भार हलका करण्याची विद्या जगाला शिकवली ती वेल्लोरमधून, तीही मधुमेहाच्या निमित्ताने नाही. डॉ. पॉल ब्रँड 1946 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटं रोगाने 'गळून' पडतात, ही तेव्हाची समजूत. ब्रँड यांनी दाखवून दिलं, की बोटं जातात ती न दुखणाऱ्या जखमांमुळे. मऊ रबरी तळाची पादत्राणं आणि पायाला घट्ट बसणारं प्लास्टर हे उपाय पुढे अमेरिकेत मधुमेह्यांनाही लागू पडले. आज पादत्राणांच्या दुकानात जिला 'एमसीआर चप्पल' म्हणतात, तिच्यामागे कुष्ठरोग्यांच्या पायांचा हा इतिहास आहे.

पायाविषयी माणसं निदान बोलतात. लघवीविषयी बोलत नाहीत.

लघवीला जळजळ झाली की घरात एकच निदान: उन्हाळी लागली. धण्याचं पाणी, सब्जा, ताक. उन्हाने पाणी कमी पडलेल्या माणसाला याने बरं वाटतं. मधुमेही बाईच्या बाबतीत मात्र दोन-तीन दिवस असेच निघून जातात आणि जंतू मूत्रपिंडापर्यंत चढतो. इथेही चेतातंतूच कारणीभूत: मूत्राशय भरल्याची जाणीव मंदावते, तो पूर्ण रिकामा होत नाही, उरलेल्या लघवीत जंतूंना निवांत वेळ मिळतो. शेतात आडोसा नाही म्हणून सकाळपासून लघवी धरून ठेवणं, आणि जावं लागू नये म्हणून पाणीच न पिणं, हे त्यात मिळवा. थंडी वाजून ताप, कुशीत दुखणं, उलट्या अशी लक्षणं असतील तर तो घरगुती इलाजाचा विषय राहत नाही. क्वचित मूत्रपिंडात वायू तयार करणारे जंतू माजतात, आणि तो संसर्ग तासांच्या हिशेबाने जीवावर उठतो.

जोडीला एक नवी गंमत आहे. डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या जादा साखर लघवीवाटे बाहेर काढतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्या फार उपकारक. 2020 साली भारतात या औषधाचं पेटंट संपलं, किंमत उतरली आणि गोळी तालुक्याच्या दुकानात आली. पण साखरेची लघवी म्हणजे कॅन्डिडा बुरशीला मेजवानी. जांघेत खाज, पांढरा साका, लालसरपणा हे सुरू झालं की बायका लाजतात, पुरुषही लाजतात, आणि बरेच जण डॉक्टरला न सांगता गोळीच बंद करतात. स्वच्छता ठेवा, खाज आली तर लगेच सांगा, एवढी दोन वाक्यं औषध लिहून देतानाच बोलली तर चांगलं औषध वाया जात नाही.

कातडीचे संसर्ग हे या आजाराचं सर्वांत जुनं ओळखपत्र. चरकसंहितेत प्रमेहाच्या उपेक्षेने उठणाऱ्या सात पिडका नावानिशी दिल्या आहेत: शराविका, कच्छपिका, जालिनी, सर्षपी, अलजी, विनता आणि विद्रधी. इन्सुलिन 1922 साली माणसाला पहिल्यांदा टोचलं गेलं; त्याआधी मानेवरच्या काळपुळीने मधुमेही दगावणं हा जगभर नेहमीचा प्रकार होता. वारंवार केस्तूड उठणं, नखुर्डं बरं न होणं, गजकर्ण फिरून फिरून येणं ही आजही साखर तपासून घेण्याची कारणं आहेत. गजकर्णाचं दुखणं तर आपण स्वतः वाढवून ठेवलं आहे. दुकानातून मिळणाऱ्या मिश्र मलमांतलं स्टेरॉइड खाज दोन दिवसांत थांबवतं आणि बुरशीला मोकळं रान देतं. अशी स्टेरॉइडची मलमं चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम 2018 साली झाला. नियम कागदावर आहे, मलम काउंटरवर आहे.

कानाबद्दल थोडक्यात. काडी, केसांची पिन किंवा चावी कानात घालायची सवय वयस्कर मधुमेह्याला महाग पडते. ओरखड्यातून स्यूडोमोनास शिरला, तर तो कवटीच्या हाडापर्यंत पोचू शकतो. रात्री झोपू न देणारं कानाचं दुखणं असेल, तर तेल न सोडता कानाच्या डॉक्टरकडे जावं. हिरड्यांचंही तसंच: मिश्री लावणाऱ्या बायकांचे दात हलू लागले की दोष वयाला दिला जातो, पण हिरड्यांचा पू साखर चढवतो आणि चढलेली साखर पू वाढवते.

क्षयाचा विषय गंभीर आहे. मधुमेह असलेल्याला क्षय होण्याची शक्यता इतरांच्या दुप्पट-तिप्पट असते, म्हणून 2017 साली केंद्र सरकारने दोन्ही कार्यक्रमांची सांगड घातली: क्षयरुग्णाची साखर तपासायची आणि मधुमेह्याला खोकला-ताप-वजन घटणं विचारायचं. भातशेतीच्या प्रदेशात याला आणखी एक जोड आहे, मेलिऑइडोसिस. अल्फ्रेड व्हिटमोर आणि सी. एस. कृष्णस्वामी यांनी रंगूनमध्ये 1911-12च्या सुमारास या रोगाचं पहिलं वर्णन केलं. जंतू भातखाचरातल्या ओल्या मातीत राहतो, पावसाळ्यात पायाच्या चिरेतून किंवा श्वासातून शिरतो, आणि त्याचा सर्वांत लाडका बळी मधुमेही. हा रोग क्षयासारखा दिसतो, पण क्षयाच्या गोळ्यांना दाद देत नाही. 2016 सालच्या एका अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 1 लाख 65 हजार लोकांना तो होतो आणि 89 हजार दगावतात. कर्नाटकच्या किनारपट्टीवर मणिपालसारख्या ठिकाणी डॉक्टर तो शोधतात म्हणून तो सापडतो.

आणि 2021. त्या उन्हाळ्याविषयी महाराष्ट्रात कोणाला वेगळं सांगायला नको. करोनाची दुसरी लाट ओसरत असतानाच गालावर सूज, नाकातून काळपट स्राव, एका बाजूचे दात हलणं, डोळा बाहेर येणं अशा तक्रारी घेऊन माणसं पुन्हा रुग्णालयांत आली. म्युकरमायकोसिसची बुरशी सडक्या पाल्यात, शेणखतात, शिळ्या भाकरीवर नेहमीच असते. नाकात जाते आणि बहुतेकांचं काही बिघडत नाही. मधुमेह फार बिघडून रक्तात आम्ल साचलं, की रक्तातल्या प्रथिनाने धरून ठेवलेलं लोह सुटं होतं, आणि या बुरशीला लोह लागतं. ती रक्तवाहिन्यांत शिरून त्या बुजवते. पलीकडचं मांस रक्ताअभावी मरून काळं पडतं. 1980च्या दशकात डायलिसिसवरच्या रुग्णांना लोह काढण्यासाठी दिलेल्या एका औषधानेही हीच बुरशी फोफावली होती, म्हणजे तिचं लोहाशी असलेलं नातं नवं नव्हतं. चंडीगडच्या पीजीआयमधले डॉ. अरुणालोक चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी करोनाच्या कितीतरी आधीपासून सांगत होते, की भारतात ही बुरशी जगाच्या तुलनेत खूप जास्त आहे आणि तिच्यामागे बेताल साखर आहे.

करोनात तीन गोष्टी एकत्र आल्या: आधीचा मधुमेह, करोनाने स्वतः चढवलेली साखर आणि स्टेरॉइड. ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत जून 2020 मध्ये सिद्ध झालं होतं ते इतकंच, की ऑक्सिजन लागणाऱ्या रुग्णाला डेक्सामेथासोन 6 मिलिग्रॅम, जास्तीत जास्त दहा दिवस दिलं तर जीव वाचतात. आपल्याकडे ऑक्सिजन न लागणाऱ्यांनीही व्हॉट्सॲपवरची चिठ्ठी पाहून ते घेतलं, काहींना त्याहून मोठ्या मात्रेत मिळालं, आणि घरी असताना साखर कोणी मोजली नाही. 20 मे 2021 रोजी केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितलं. ॲम्फोटेरिसिन-बीच्या कुप्यांसाठी नातेवाईक जिल्ह्या-जिल्ह्यांतून फिरत होते; वर्ध्याच्या एका कारखान्याने मेअखेर त्याचं उत्पादन सुरू केलं. जुलैपर्यंत देशभरात 45 हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, त्यांत महाराष्ट्र आणि गुजरात आघाडीवर. कित्येकांचा वरचा जबडा काढावा लागला, कित्येकांचा डोळा. करोनातून वाचलेल्या माणसाला टाळूच्या जागी प्लॅस्टिकची पट्टी लावून पाणी प्यावं लागतं, हे ज्यांनी जवळून पाहिलं त्यांना 'थोडी साखर वाढली तर काय होतंय' हे वाक्य पुन्हा उच्चारवत नाही. त्या काळात जस्ताच्या गोळ्या, ऑक्सिजनच्या बाटलीतलं पाणी, कांद्यावरची काळी बुरशी अशा अनेक संशयितांची चर्चा झाली. ग्लुकोमीटर मात्र बहुतेक घरांत नव्हताच.

आता पुन्हा पायाकडे. पाय बधिर झाला आहे का, हे कळायला मोठं यंत्र लागत नाही. दहा ग्रॅम दाबाला वाकणारा नायलॉनचा एक धागा असतो. तो तळव्याला ठरावीक जागी टेकवायचा, रुग्णाने डोळे मिटून 'आला' म्हणायचं. दोन-तीन मिनिटांचं काम. आशाताईला किंवा उपकेंद्रातल्या परिचारिकेला ते एका दुपारी शिकवता येतं. आवणीच्या आधी, म्हणजे मे महिन्यात, ज्यांना मधुमेह आहे त्यांचे पाय असे तपासले, ज्यांना धागा कळत नाही त्यांना चिखलात गमबूट आणि घरात चप्पल दिली, आणि रोज रात्री सुनेने किंवा नातवाने विजेरी घेऊन आजीचे तळवे पाहिले, तर बाकावरच्या पायांची संख्या कमी होईल. शिर्डीच्या रस्त्यावर दर रामनवमीला औषधपाण्याच्या पेट्या घेऊन मंडळं उभी राहतात. बँडेज, मलम, ओआरएस, लिंबू-सरबत सगळं असतं. त्याच टेबलावर एक ग्लुकोमीटर आणि तो नायलॉनचा धागा ठेवायला, आणि अनवाणी चालणाऱ्याला बाकावर बसवून आधी त्याचे तळवे उलटून पाहायला, मंडळाचा फारसा खर्च वाढणार नाही.